दुर्बिणीत नुसता धुरकट डाग दिसतो, मग सर्पिल दीर्घिकेचे हात कुठे असतात?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे निपाणीजवळच्या एका गावातले तरुण शिक्षक आहेत. त्यांनी सहा इंची आरशाची, साध्या लाकडी बैठकीवर फिरणारी डॉब्सोनियन दुर्बीण घेतली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ‘अलकनंदा’ नावाची अतिदूरची सर्पिल दीर्घिका, म्हणजे वळलेल्या हातांचा ताऱ्यांचा प्रचंड समूह, शोधल्याची बातमी वाचली आणि पोरांना ‘तशीच एक’ दाखवतो म्हणून सांगून बसले. आधी देवयानी दीर्घिका लावली, मग काही महिन्यांनी सप्तर्षीजवळची एम ५१ ही दुसरी दीर्घिका. दोन्हीकडे धुरकट डाग. पोरं म्हणाली, “सर, ह्यात कायबी दिसंना.” आता त्यांना विचारायचं आहे की दुर्बीण फसवी निघाली का, फोटोतले ते वळलेले हात खरे असतात का, आणि अलकनंदा आपल्या गावातून दिसेल का.

दुर्बीण ठीक आहे. हात खरे आहेत. अलकनंदा दिसणार नाही, आणि त्यात तुमच्या दुर्बिणीचा काही दोष नाही. पण नुसत्या हो-नाहीने तुमच्या पोरांचं समाधान होणार नाही, म्हणून जरा बैजवार लिहितो. तीसेक वर्षं मी आरसे घासतोय आणि बेळगाव, खानापूर, चंदगड भागात लोकांना आकाश दाखवत फिरतोय. ‘कायबी दिसंना’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता आयपीसपाशी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापाशी, माणूस वाकला की ते यायची वाटच बघतो.

देवयानी बाजूला ठेवू. ती जवळची, २५ लाख प्रकाशवर्षांवरची, पण आपल्याला इतकी तिरकी दिसते की तिचे हात उलगडून बघणं अवघड. तिच्यापेक्षा एम ५१ कितीतरी दूर असली तरी ती आपल्याकडे तोंड करून आहे. ताट उभं धरून काठ बघणं आणि समोर धरून ताटातलं बघणं, इतका फरक. मराठीत हिला भोवरा दीर्घिका म्हणतात. सर्पिल आकार माणसाला पहिल्यांदा दिसला तो हिच्यातच.

तुम्ही बरोबर जागी दुर्बीण लावली होती का ते आधी तपासू. आमच्याकडची जुनी माणसं सप्तर्षीला बाजलं म्हणतात. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार खूर, मागचे तीन म्हणजे बाज पळवणारे चोर. शेवटचा चोर तो मरीची. मरीचीपासून साधारण साडेतीन अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन बोटांच्या रुंदीइतक्या अंतरावर, एम ५१ आहे. ती सप्तर्षीत मोडत नाही, शेजारच्या श्यामशबल तारकासमूहात मोडते. पुस्तकातले नकाशे ती शेपटीच्या, म्हणजे त्या तीन चोरांच्या, ‘खाली’ दाखवतात. इथे बरेच जण फसतात, कारण ते नकाशे युरोपातून आकाश बघणाऱ्याच्या सोयीचे. आपण १६ अंश अक्षांशावर राहतो. रात्री सप्तर्षी उत्तरेला उंच येतो तेव्हा तो आपल्याला पालथा दिसतो, आणि एम ५१ मरीचीच्या वर, डोक्याच्या दिशेला, आणि डावीकडे सापडते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्रीच्या सुमारास ती सर्वात उंच असते, क्षितिजापासून साठ अंशांना थोडीच कमी. मे महिन्यात हीच वेळ अकरा-साडेदहावर येते, पण तोवर वळवाचे ढग संध्याकाळपासून डोक्यावर जमायला लागतात. माझ्या अनुभवात मार्चची पहाट आणि एप्रिलची मध्यरात्र, एवढीच खरी तिची वेळ.

२५ मिमीच्या आयपीसमधून तुम्हाला दोन डाग दिसले असतील, एक मोठा आणि त्याला चिकटल्यासारखा एक लहान. तसे दोन दिसले असतील तर काम फत्ते. फ्रेंच खगोलज्ञ चार्ल्स मेसिएने १७७३ च्या ऑक्टोबरात ही नोंदवली तेव्हा त्याला फक्त मोठा डाग दिसला होता. शेजारचा लहान डाग, ज्याला आज एनजीसी ५१९५ म्हणतात, तो पिएर मेशँने १७८१ मध्ये पाहिला. म्हणजे तुमच्या पोरांनी पहिल्याच रात्री मेसिएच्या आठ वर्षं पुढे मजल मारली. त्यांना हे जरूर सांगा.

आता हात का दिसत नाहीत ते बघू.

दुर्बीण तारा उजळ करते, कारण तारा हा बिंदू आहे आणि सगळा गोळा केलेला प्रकाश त्या बिंदूतच पडतो. दीर्घिका पसरट असते. तिला तुम्ही मोठी केली की तिचा प्रकाशही तितक्याच मोठ्या जागेवर पसरतो. एवढंसं लोणी लहान भाकरीवर लावलं तर दिसतं, तेच पाटाएवढ्या भाकरीवर फासलं तर नुसता ओलसर डाग. एम ५१ ची एकूण प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा (जितका लहान तितकी वस्तू उजळ), ८.४ आहे, ऐकायला ठीक वाटते, पण ती चंद्राच्या रुंदीच्या एक तृतीयांश भागावर पसरली आहे. पसरट वस्तूचा तिच्या एकेका चौरसातला उजेड नुसत्या डोळ्याला दिसतो त्यापेक्षा जास्त करून दाखवणारी दुर्बीण अजून कुणी बनवलेली नाही आणि बनवता येणारही नाही. हा भौतिकीचा नियम आहे, दुकानदाराच्या हातातली गोष्ट नव्हे. फरक पडतो तो दोन गोष्टींनी. मोठा आरसा तेवढाच उजेड राखून वस्तू मोठी दाखवतो, आणि अंधाऱ्या डोळ्याला मोठी अंधूक गोष्ट लहान अंधूक गोष्टीपेक्षा लवकर कळते. दुसरं म्हणजे मागच्या आकाशाचा काळेपणा.

शिवाय आपला डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या लहानशा अंशात आलेलं बघून टाकतो आणि पाटी कोरी करतो. कॅमेरा तासन्‌तास साठवत बसतो. अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यातल्या पेशींना रंगही कळत नाहीत. म्हणून फोटोतला तो गुलाबी-निळा भोवरा आयपीसमध्ये राखाडी होतो. फोटो खोटा नाही. तो वेगळ्या तऱ्हेने केलेला हिशोब आहे.

तुमच्या निपाणी भागात आणखी एक भानगड आहे, ती मी स्वतः भोगलीय. गळीत हंगाम संपत आला की पाचट पेटवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी तो धूर खाली बसतो आणि हायवेचे दिवे त्याला खालून उजळतात. आकाश वरवर निरभ्र, पण मागची पाटी काळीची राखाडी झालेली. अशा रात्री आठ इंचीसुद्धा कामाची नाही. एखाद्या शनिवारी दुर्बीण गाडीत टाका आणि जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या अंगाला या, मलप्रभा उगम पावते त्या पठारावर. तिथला अंधार अजून शाबूत आहे. कोकणातून चढून येणाऱ्या दमट वाऱ्याने आरशावर दव धरतं, तेव्हा एखादं जुनं धोतर किंवा चादर दुर्बिणीवर टाकायला जवळ असू द्या. आरसा पुसू मात्र नका. मी एकदा घाईत पुसला होता, त्याचे ओरखडे आजही आरशावर आहेत.

तिथे गेल्यावर मोबाईल खिशात, अर्धा तास अंधारात. मग १० किंवा १२ मिमीचा आयपीस. डागाकडे सरळ न बघता त्याच्या थोडं बाजूला बघा, कारण डोळ्याच्या मध्यभागी अंधारात बघणाऱ्या पेशी नसतातच. दुर्बिणीच्या नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. हललेली अंधूक गोष्ट डोळा पटकन टिपतो. सहा इंचीत मोठ्या डागाभोवती एक फिकट कडं जाणवेल, मधे तेजस्वी गाभा आणि कड्याच्या आत किंचित काळपट पट्टा. दहा इंचीत चांगल्या रात्री ते कडं एका बाजूने तुटतं आणि लहान डागाकडे ओढलं गेल्यासारखं वाटतं. तो हात. माझ्या वहीत २००१ च्या मार्चमधलं एक रेखाटन आहे, त्यात मी त्या तुटलेल्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

हेच आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांच्या बाबतीत झालं. त्यांनी बर इथल्या आपल्या गढीच्या आवारात ७२ इंची धातूचा आरसा असलेली दुर्बीण उभी केली, आणि १८४५ च्या वसंतात तिच्यातून एम ५१ बघताना त्यांना वळसे दिसले. कॅमेरा नाही, काही नाही. डोळा, मेणबत्ती आणि कागद. त्यांचं रेखाटन आजच्या फोटोशेजारी ठेवलं तर माणूस थक्क होतो. मात्र आपण बघतोय ते काय आहे, हे रॉसना माहीत नव्हतं. ते आपल्याच आकाशगंगेतलं तेजोमेघाचं भोवरं आहे की बाहेरचं वेगळं विश्व, हा वाद पुढे पाऊणशे वर्षं चालला.

त्या वादातला एक किस्सा मला फार आवडतो, कारण तो मोजमाप करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. माउंट विल्सन वेधशाळेत आड्रिआन व्हान मानेन नावाचा अत्यंत काळजीपूर्वक काम करणारा खगोलज्ञ होता. त्याने काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या फोटोंच्या काचा शेजारी ठेवून सर्पिल तेजोमेघांमधले (तेव्हा या दीर्घिकांना तेच म्हणत) ठिपके किती सरकले ते मोजलं आणि ते फिरताना दिसतात असं जाहीर केलं. त्याच्या मापाने एक फेरी लाखभर वर्षांच्या आत पूर्ण होत होती. तसं असेल तर हे भोवरे फार दूर असूच शकत नाहीत, नाहीतर त्यांच्या काठाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या पुढे जाईल. १९२० मध्ये वॉशिंग्टनला शॅप्ली आणि कर्टिस या खगोलज्ञांत जी गाजलेली चर्चा झाली, त्यात शॅप्लीच्या, म्हणजे भोवरे बाहेरची विश्वं नाहीत या बाजूचा हा मोठा आधार होता. मग १९२३ मध्ये एडविन हबलला देवयानीत रूपविकारी तारा, म्हणजे ज्याच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर काढता येतं असा तारा, सापडला, अंतर प्रचंड निघालं आणि व्हान मानेनची मापं चुकीची ठरली. तो लबाड नव्हता. काचेवरचा अगदी बारीक फरक त्याच्या अपेक्षेच्या बाजूला झुकत गेला, इतकंच. आज आपल्याला माहीत आहे की एम ५१ सारख्या दीर्घिकेत मधल्या अंतरावरच्या ताऱ्याला एक फेरी घ्यायला वीस-पंचवीस कोटी वर्षं लागतात. कुणाच्याही आयुष्यात ते सरकणं काचेवर दिसणं शक्य नव्हतं.

आता खऱ्या प्रश्नाकडे. हात म्हणजे नक्की काय?

कन्नडमध्ये सर्पिलाला सुरुळी म्हणतात. आपली सुरळी तीच, सुरळीच्या वडीतली. आणि शब्द इतका चपखल आहे की त्यानेच सगळा घोटाळा होतो. पोरांना वाटतं की तारे एका पट्ट्यात बांधलेले आहेत आणि तो पट्टा गुंडाळला जातोय. तसं असतं तर काय झालं असतं बघा. दीर्घिकेत आतले तारे लवकर फेरी पुरी करतात, बाहेरच्यांना वेळ लागतो. आपला सूर्य आकाशगंगेची एक फेरी २२-२३ कोटी वर्षांत घेतो, म्हणजे जन्मल्यापासून त्याच्या वीसेक फेऱ्या झाल्या. तेवढ्या वेळात पट्टा वडीसारखा गच्च गुंडाळून त्याचे पदर एकमेकांना चिकटले असते. एम ५१ मध्ये तर हात मोकळे, ऐसपैस आहेत. मग ते पट्टे नाहीत.

निपाणीच्या माणसाला हे समजावणं मला सोपं जातं. तवंदी घाट चढताना पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतो. त्याच्या मागे गाड्या तुंबतात. दहा-पंधरा वाहनांचा घोळका तयार होतो. मागून कोल्हापूरची एसटी येते, ब्रेक मारते, घोळक्यात शिरते, रेटत रेटत पुढे सरकते, ट्रॅक्टरला मागे टाकते आणि निघून जाते. तिच्या जागी मागून दुसरी कार येते. आता वरच्या टेकडीवरून बघा. घोळका तसाच आहे, ट्रॅक्टरच्या संथ गतीने घाट चढतोय. पण त्यातली वाहनं दर पाच मिनिटांनी वेगळी आहेत. दीर्घिकेचा हात हा असा घोळका आहे. तारे, वायू, धूळ त्यात शिरतात, थोडा वेळ दाटतात आणि पुढे निघून जातात. हात म्हणजे गर्दीची जागा. ती गर्दी ताऱ्यांपेक्षा वेगळ्या, बहुतेक ठिकाणी संथ गतीने दीर्घिकेभोवती फिरते. चिआ-चिआओ लिन आणि फ्रँक शू यांनी १९६४ मध्ये हे गणिताने मांडलं. त्याला घनता तरंग म्हणतात.

उपमेची मर्यादाही सांगून ठेवतो. दीर्घिकेत ट्रॅक्टर नसतो. तिथे गर्दीच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानेच येणारे तारे थोडे ओढले जातात आणि गर्दी टिकते. एम ५१ च्या बाबतीत धक्का द्यायला शेजारचा लहान सोबतीही आहे. तो तिच्या जवळून गेला, आणि त्याच्या ओढीने हे दोन मोठे, नेटके हात उसळले. अलार आणि युरी तूम्रे या भावांनी १९७२ मध्ये, आजच्या मोबाईलपेक्षाही कितीतरी दुबळ्या संगणकावर, अशा भेटीतून असे हात आणि शेपट्या निघतात हे करून दाखवलं. हे हात कायमचे टिकणारे तरंग आहेत की त्या भेटीचा ओसरत जाणारा परिणाम, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. माझा कल एम ५१ पुरता दुसऱ्या बाजूला आहे. इतके ठळक हात सोबत्याशिवाय असलेल्या दीर्घिकांत सहसा बघायला मिळत नाहीत.

घोळक्याची कल्पना बरोबर आहे याचा पुरावा तुम्ही फोटोतच पाहू शकता. हबल दुर्बिणीने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एम ५१ चा फोटो मोठा करून कुठलाही एक हात निवडा आणि आतून बाहेर नजर न्या. आधी हाताच्या आतल्या कडेला काळी, तपकिरी धुळीची रेघ लागते. वायू मागून येऊन इथे दाबला जातो, एसटीने ब्रेक मारावा तसा. त्याला लागून गुलाबी ठिपके येतात. दाबलेल्या वायूत नुकतेच तारे पेटले आणि त्यांनी भोवतीचा हायड्रोजन उजळवला, त्याचे ते ठिपके. त्याच्या बाहेर निळे ताऱ्यांचे झुबके. धूळ, गुलाबी, निळं. हा क्रम हातभर, वळणावळणाने पाळलेला दिसतो. पोरांना फोटोची रंगीत प्रत देऊन बोटाने हा क्रम शोधायला लावा. आयपीसपाशी झालेली निराशा तिथे भरून निघते, हे मी करून बघितलंय.

हात निळे का, तेही यातच आलं. सूर्याच्या वीसपट वजनाचा निळा तारा कोटीभर वर्षांत संपतो. तो हातातून बाहेर पडण्याआधीच मरतो. सूर्यासारखे पिवळे, म्हातारे तारे हातात शिरून कितीदा तरी बाहेर पडलेले असतात, त्यामुळे ते सगळीकडे सारखे पसरलेले. दोन हातांमधली काळी दिसणारी जागा रिकामी नसते. तिथेही तारे भरपूर आहेत, फक्त दिवाळी नाही.

जिथे निळे तारे, तिथे त्यांचे स्फोट. एम ५१ मध्ये १९९४, २००५ आणि २०११ अशा तीन वेळा सुपरनोव्हा दिसले. सतरा वर्षांत तीन! आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांना दिसलेला शेवटचा १६०४ सालचा. आणि आमचं नशीब बघा. २००५ चा जूनच्या अखेरीस आणि २०११ चा जूनच्या तोंडावर, जेव्हा बेळगावात छत्री उघडलेली असते. एप्रिल १९९४ चा तेवढा निरभ्र आकाशात आला होता, पण तेव्हा बातमी इथवर यायला पत्र लागायचं. मला कळलं तेव्हा तो विझून गेला होता आणि वर पाऊस.

अंतराचं थोडक्यात सांगतो. एम ५१ आपल्यापासून सेकंदाला सुमारे ४६० किलोमीटर वेगाने दूर जातेय. त्या वेगावरून हबलच्या नियमाने (दीर्घिका जितकी दूर, तितकी ती वेगाने दूर जाते) भागाकार केला तर अंतर २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांच्या आसपास येतं. पण तिच्यातले विशिष्ट टप्प्यावर पोचलेले तांबडे राक्षसी तारे किती तेजस्वी दिसतात ते हबल दुर्बिणीने मोजलं, त्यावरून २ कोटी ८० लाख येतं. हा दुसरा आकडा विश्वासाचा. इतक्या ‘जवळ’ शेजारपाजारच्या दीर्घिकांची ओढाताण विश्वाच्या प्रसरणात मिसळते आणि साधा भागाकार चुकतो. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी इंटरनेटवर वेगवेगळे आकडे वाचून गोंधळला तर हे कारण सांगा. आपल्या पायाखालचा काळा दगड, दख्खनचा लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांचा. तुमच्या आयपीसमध्ये शिरलेला तो फिकट उजेड निघाला तेव्हा हा दगड केव्हाच थंड झाला होता.

आणि आता अलकनंदा.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या फोटोंत ती शोधली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये हे संशोधन जाहीर झालं. हिमालयातल्या नदीचं नाव दिलं, कारण अलकनंदेची बहीण मंदाकिनी, आणि हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. नाव सुरेख आहे, वाद नाही.

तिचा प्रकाश सुमारे १२ अब्ज वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा विश्वाचं वय फक्त दीड अब्ज वर्षं होतं. सूर्य, पृथ्वी कशाचाच पत्ता नव्हता. प्रकाश वाटेत असताना जागाच ताणली गेली, त्यामुळे आज ती प्रत्यक्षात २४ अब्ज प्रकाशवर्षांच्या आसपास असेल. पेपरातल्या ‘१२ अब्ज प्रकाशवर्षं दूर’चा अर्थ प्रकाशाच्या प्रवासाचा वेळ एवढाच घ्या. त्याच ताणाने तिच्या प्रकाशाची तरंगलांबी पाचपट झालीय. हबल दुर्बिणीची नजर अवरक्ताच्या (तांबड्यापलीकडच्या प्रकाशाच्या) अलीकडच्या कडेपर्यंतच पोचते, म्हणजे तिच्याकडून निघताना जो जंबुपार (अतिनील) प्रकाश होता तेवढाच हबलला मिळतो. त्यात फक्त नवे ताऱ्यांचे झुबके दिसतात, तबकडी दिसत नाही. वेब त्याच्या पुढचं अवरक्त बघते, त्यामुळे तिथे तिची तबकडी आणि दोन हात उलगडले. २१ वेगवेगळ्या फिल्टरमधून घेतलेल्या फोटोंतल्या रंगांवरून तिचं अंतर, ताऱ्यांचं वजन आणि ताऱ्यांच्या जन्माचा वेग काढला आहे. तिच्यात सूर्याच्या १० अब्ज पट वजनाचे तारे आहेत. व्यास ३० हजार प्रकाशवर्षं. दरवर्षी सुमारे ६० सूर्यांइतके नवे तारे तिथे जन्मतात, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या वीसपट घाईने.

आता घाट आठवा. घोळका व्हायला आधी सरळ, शिस्तीत चाललेला रस्ता हवा. मैदानात वाहनं वाट्टेल तशी धावत असतील तर घोळका दिसणार नाही, नुसता गोंधळ दिसेल. दीर्घिकेत हात दिसायला आधी पातळ, शांतपणे फिरणारी तबकडी लागते. विश्वाच्या पहिल्या दीड अब्ज वर्षांत दीर्घिका एकमेकींवर आदळत, वायू गिळत, गाठीगाठींच्या आणि वेड्यावाकड्या असतात, असं आपण धरून चाललो होतो. तिथे दोन नेटके हात म्हणजे तबकडी फारच लवकर मांडून झाली होती. शोधाचं खरं वजन यात आहे. ‘सर्वात दूरची’ असं कुठे वाचलं असेल तर ते सोडून द्या. त्याच वर्षी झूलोंग नावाची, अलकनंदेपेक्षाही आधीच्या काळातली एक सर्पिल दीर्घिका जाहीर झाली होती. पुढचं पाऊल म्हणजे तिचा वर्णपट घेऊन तबकडी खरंच शिस्तीत फिरते का ते मोजणं. तोवर फोटोतल्या दोन हातांवर मी तरी फार इमले बांधणार नाही.

तुम्हाला ती दिसेल का? आकाशातला तिचा आकार साधारण १.३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). बेळगावच्या किल्ल्याच्या तटावर उभं राहून तीन किलोमीटरवर कुणी एक रुपयाचं नाणं हातात धरलं, तर ते तेवढं दिसेल. तिच्या पुढ्यात आबेल २७४४ नावाचा दीर्घिकांचा प्रचंड समूह आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम केलं आणि ती जवळजवळ दुप्पट उजळ झाली, तरीही ती फक्त वेबसारख्या दुर्बिणीच्याच आवाक्यात. दिशा मात्र दाखवता येईल. तो समूह दक्षिणेच्या शिल्पकार तारकासमूहात आहे आणि नोव्हेंबरच्या मध्याला रात्री नऊ-साडेनऊला आपल्या दक्षिणेला क्षितिजापासून ४४ अंशांवर येतो. पोरांना तिकडे बोट करून “तिथं” असं म्हणा. नुसतं बोट दाखवणं मुलांना पुरतं, मोठ्यांना पुरत नाही.

एम ५१ साठी माझा सल्ला एवढाच की येत्या एप्रिलमध्ये पुन्हा लावा, पण आधी फोटो दाखवू नका. प्रत्येकाला कोरा कागद, पेन्सिल आणि लाल कागद गुंडाळलेली बॅटरी द्या. कागदावर वाटीने एक गोल आखून त्यातच काढायला सांगा. तुमची डॉब्सोनियन म्हणजे आतून न्यूटोनियन, दोन आरशांची दुर्बीण, तिच्यात चित्र उलटं पडतं, तेव्हा तारे गोलातून ज्या बाजूला सरकतात ती पश्चिम असं लिहून घ्या. चार-पाच जणांच्या रेखाटनांत लहान डागाच्या एकाच बाजूला काहीतरी धुरकट ओढ आली असेल, तर ते कागद पुसू नका आणि दुरुस्तही करू नका. मला पाठवा.